फेसाखालचं डिझेल

माझ्यावर घोर अन्याय झाला तो नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका पेट्रोल पंपावर, मे महिन्याच्या दुपारी, सासऱ्यांच्या देखत. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं तापतं. आणि खरं सांगतो, ते तापवून घ्यायला मला आवडतं.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. पेट्रोलपेक्षा डिझेल बरंच स्वस्त होतं आणि नाशकात छोट्या डिझेल गाड्यांचं पीक आलं होतं. गाडीचा रंग कोणी विचारत नसे, किंमतही नाही. ‘ॲव्हरेज काय देते?’ एवढंच. बारशात हाच प्रश्न, लग्नाच्या पंगतीत हाच, दहाव्याला गोदाघाटावर कावळ्याची वाट बघत उभं असतानाही हाच. आणि उत्तरही ठरलेलं: बावीस.

माझी गाडी सतरा द्यायची. मला ते पक्कं माहीत होतं. पण शेजाऱ्याची बावीस देते, साहेबांची बावीस देते, मग माझ्याच गाडीनं काय पाप केलं होतं? मीही बावीस म्हणायचो. एकदा म्हटल्यावर दरवेळी म्हणावं लागतं.

सासरे दिंडोरीचे, द्राक्षबागायतदार. जुन्या जीपला कंटाळून त्यांनी छोटी गाडी घ्यायचं ठरवलं. पेट्रोल की डिझेल, हे माझ्या शब्दावर ठरणार होतं. मी छाती पुढे काढून सांगितलं, ‘‘मामा, डोळे मिटून डिझेल घ्या. बावीस कुठं गेले नाहीत.’’

मेहुण्याला मात्र पेट्रोल गाडी हवी होती. तो म्हणाला, ‘‘दाजी, तुमची गाडी दारात आली की आम्हाला वाटतं बागेत फवारणीचा पंप चालू झाला. आणि बावीस? टाकी फुल करून बघू ना एकदा!’’

सासरे म्हणाले, ‘‘बघू. त्यात काय एवढं.’’

झालं! म्हणजे माझा शब्द आता पंपावर तोलला जाणार. तो खाली पडला, तर दिंडोरीत यापुढे मला कुणी साधी छत्री कुठली घ्यावी हेसुद्धा विचारणार नव्हतं.

द्वारकेच्या पंपावर टाकी भरली. नोझल ‘टक’ करून आपोआप बंद झालं, तिथं थांबलो. मीटर शून्यावर आणला. घोटीपर्यंत जायचं, परत यायचं आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल करायची. जेवढं डिझेल बसेल, तेवढं पिऊन टाकलेलं.

त्या दिवशी मी गाडी अशी चालवली, जशी कुणी नव्या नवरीची पालखीसुद्धा नेली नसेल. पन्नासच्या वर काटा नाही. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचेतून वारा शिरला की ॲव्हरेज पडतं. आत तीन पुरुष उकडत होते. वाडीवऱ्ह्याला भाताच्या गोण्या लादलेल्या टेम्पोनं आम्हाला मागं टाकलं. सासऱ्यांनी उपरण्यानं मान पुसली.

‘‘पाव्हणं, काच तरी खाली घ्या हो.’’

‘‘थोडा दम धरा मामा.’’

‘‘दमच तर नाय धरवत!’’

घोटीत चहासुद्धा पिऊ दिला नाही मी कुणाला.

परत द्वारकेला आलो. शहात्तर किलोमीटर. पंपवाल्यानं नोझल लावलं आणि साडेतीन लिटरवर ‘टक’! मी तिथंच बोटांवर भागाकार केला. एकवीसच्या वर! बावीसला हात लागलेला. मी सासऱ्यांकडे असं पाहिलं, जणू गाडी मीच बनवली होती.

आणि इथं तो अन्याय झाला. मेहुणा उतरला, मागं गेला आणि पंपवाल्याला म्हणाला, ‘‘थांब भाऊ, हा नुसता फेस आहे.’’ त्यानं दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवायला सुरुवात केली. डिझेलला फेस येतो, तो खाली बसला की आणखी डिझेल मावतं, हे मलाही माहीत होतं. पण मग पहिल्या वेळी का नाही हलवली? तेव्हा हा माणूस शेंगदाणे खात उभा होता! पंपवाल्यालाही मजा वाटली. तोही दुसऱ्या बाजूनं हलवू लागला. हलव, थांब, भर. हलव, थांब, भर. मागं रांगेतले रिक्षावाले टाळ्या पिटत होते.

पाच लिटर!

‘‘पंधरा,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘दाजी, पंधरा.’’

माझा तोल गेला. मी बॉनेटवर हात आपटला आणि सगळ्या पंपाला ऐकू जाईल असा ओरडलो, ‘‘साफ खोटं! पंधरा कधीच नाही! सतरा देते माझी गाडी! रोज सतरा देते!’’

टायरमधली हवा तपासायला आलेल्या माणसानंसुद्धा मान वर केली. मेहुणा हसला नाही, हेच मला जास्त लागलं. सासरे जवळ आले.

‘‘सतरा?’’

आता मागे फिरायला जागा नव्हती. ‘‘सतरा,’’ मी म्हणालो. ‘‘पण यानं भरताना लबाडी केली, ती आधी बघा!’’

‘‘त्यानं आज केली. तुम्ही वरीसभर करताय.’’ त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. ‘‘आमची जीप अकरा देती. सतरा म्हंजे लय झाले. परवा डिझेलचीच बुक करू.’’

मेहुण्याचा चेहरा पडला. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं.

‘‘आन् पाव्हणं, दिंडोरीत कुणी विचारलं तर बावीसच सांगायचं. समद्यांचे जावई बावीस सांगत्यात. माझ्याच जावयाची गाडी सतरा देती, हे मी गावात कुठल्या तोंडानं सांगू?’’