ताकायामाचं तीर्थ

परक्या मुलखात माणूस पाय घसरून पडला, चुकीच्या बसमध्ये बसला, तर लोक हळहळतात. मी जे केलं त्याला हळहळणारा अजून एकही भेटलेला नाही. तेव्हा आधी चहा ओतून घ्या, मग सांगते. मध्येच हसलात तरी चालेल, मला आता सवय झालीय.

आम्ही दिवेआगरचे. नारळ-सुपारीची वाडी, आणि वाडीतच पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. म्हणजे जग सुट्टीवर आलं की आमची कामं सुरू. पाहुणे समुद्रावर गेले की मी मासे साफ करायला बसणार, पाहुणे जेवून लवंडले की मी भांडी घासायला. नवराबायकोनं निवांत कुठे फिरायला जायचं असतं हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते पाहुण्यांकडे बघून.

आमच्या ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी पाहुण्यांना सुरमई तळते आणि हे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला वरणभात खातात. दारूचं तर नाव काढायची सोय नाही. एकदा एका पाहुण्यानं अंगणात बिअर उघडली, तर ह्यांनी त्याची बॅग स्वतः उचलून गाडीत नेऊन ठेवली. अगदी नम्रपणे. वर म्हणाले, "श्रीवर्धनला चांगली हाटेलं हायत."

बोलणं मात्र कमी. वादळात वाडी आडवी झाली, तेव्हापासून आणखीनच कमी. नवीन रोपं लावली, त्यांना पाणी घालतात, माझ्या हाकेला "हूं" म्हणतात, संपलं. त्यात आमचा एकुलता एक समीर जपानला गेला. नागोयाला, इंजिनीअर म्हणून. दोन वर्षांसाठी जातो म्हणाला होता. जपानमधली वर्षं बहुतेक आपल्यापेक्षा लांब असतात.

त्यानंच तिकिटं पाठवून आम्हाला बोलावून घेतलं. केवढ्या हौसेनं गेले होते मी. पण तिथं भेट म्हणजे काय, तर सकाळी तो बूट घालताना आणि रात्री बूट काढताना. शेवटी त्यालाच वाईट वाटलं असावं. एके दिवशी सकाळी त्यानं आम्हाला बसमध्ये बसवून दिलं.

"आई, ताकायामा म्हणून डोंगरातलं जुनं गाव आहे. लाकडी घरं, नदी, बाजार. आरामात फिरा दोघं. संध्याकाळच्या बसनं या, मी स्टँडवर असतो."

"आणि तू?"

"मला मीटिंग आहे गं."

तर आम्ही निघालो. मी साडीवर समीरचं जाकीट घातलेलं, ह्यांच्या डोक्याला माकडटोपी. घाटात सगळा डोंगर लाल-पिवळा झालेला. हे खिडकीला नाक लावून बसले होते. उतरलो तर थंडी अशी, की माझे दात आपोआप वाजायला लागले.

गाव मात्र काय सांगू. काळपट लाकडाची बैठी घरं, दारांना लाकडी जाळ्या, रस्त्याच्या कडेनं वाहतं पाणी. हे वाकून त्या पाण्याकडे बघत बसले. "गटाराचा तळ दिसतोय," म्हणाले. मग नदीकाठी बाजार लागला. एका आजीनं लोणच्याची फोड चाखायला दिली. ह्यांनी ती चघळून सांगितलं, "मीठ बराबर हाय." दुपारपर्यंत आमचं एवढंच संभाषण झालं. हे पुढे, मी मागे, अशी आमची वरात चाललेली.

आणि मग मला ते देऊळ दिसलं.

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? दारावर हिरव्या पाल्याचा भला मोठा गोळा टांगलेला, आपण तोरण बांधतो तसा. आत अंधुक उजेड. गवतानं गुंडाळलेली पिंपं एकावर एक रचलेली, जशी नवसाची आणून वाहिलीत. वर फळीवर लाकडाचं चिमुकलं देऊळ, त्याला दोरी, दोरीला पांढरे कागद. माणसं एका ओळीत उभी, कुणी मोठ्यानं बोलत नाही. आणि पुढे निळ्या अंगरख्यातली एक बाई प्रत्येकाला वाकून नमस्कार करून छोट्याशा वाटीतून पाण्यासारखं काहीतरी देतेय. लोक ते पितात, डोळे मिटतात, मान डोलवतात.

"अहो, तीर्थ देतायत," मी म्हटलं. "चपला काढा."

"थंडी हाय."

"देवाच्या दारात थंडी?"

काढले आम्ही बूट. फरशी अशी गार होती, की गारठा तळव्यातून थेट टाळूपर्यंत गेला. आमच्या मागे एक गोरं जोडपं होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांनीही बूट काढले. त्यांचं बघून त्यांच्या मागच्यांनी. दारात बुटांची रांग लागली. ती बाई एकदा बुटांकडे बघे, एकदा आमच्या मोज्यांकडे, आणि गोंधळून आणखी खाली वाकून नमस्कार करी. मला वाटलं, किती भाविक बाई आहे.

आमचा नंबर आला. तिनं वाटी पुढे केली. मी वाटी काही घेतली नाही, ओंजळ पुढे केली. बिचारी थांबली. मी खुणेनं सांगितलं, ओत इथे. ओतलं तिनं. मी प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. ह्यांनीही तसंच केलं. मागून कुजबुज ऐकू आली, वळून बघते तर तो गोरा माणूस आपल्या टकलावरून हात फिरवत होता.

"तांदळाचा वास येतोय," हे म्हणाले.

"इथेही भातशेतीच आहे, बसमधून बघितली नाही का? मग देवाला तांदूळच वाहणार."

"घशात गरम लागतंय."

"एवढ्या थंडीत लोक दर्शनाला येतात. सोय केली असेल."

बाईनं दुसरी बाटली काढली. मला वाटलं, दुसऱ्या देवाचं. नाही कसं म्हणायचं? मग तिसऱ्या देवाचंही घेतलं. प्रत्येक वेळी ओंजळ, प्रत्येक वेळी डोक्यावरून हात. तिसऱ्याला माझे डोळे एकदम भरून आले. मला वाटलं, साक्षात्कार म्हणतात तो हाच.

मी त्या पिंपांसमोर गेले आणि हात जोडले. मोठ्यानंच बोलले, मराठी कुणाला कळणार होतं तिथे? म्हटलं, "देवा, तुझं नाव मला माहीत नाही. पण तुझ्या मुलखात माझा पोरगा राहतो. नीट जेवत नाही. त्याला बरा ठेव, आणि घरची वाट दाखव. तो परत आला की मी तुझ्या दारात येऊन नारळ वाढवीन."

पर्समध्ये आमच्या वाडीची एक सुपारी होती. वादळातून वाचलेल्या पोफळीची. ती पिंपापुढे ठेवली. आमच्याकडे देवाला आमंत्रण द्यायचं तर सुपारीच ठेवतात. त्या बाईनं ती दोन्ही हातांनी उचलली, वास घेतला, माझ्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं आणि वरच्या फळीवर, त्या चिमुकल्या देवळाशेजारी ठेवली. मग कागदात गुंडाळलेली एक छोटी बाटली आणून माझ्या हातात दिली. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ती माझ्या पाया पडायला वाकली. आमची डोकी एकमेकांवर आपटली.

बाहेर आलो तर थंडी कुठल्या कुठे गेलेली. नदीवर लाल रंगाचा पूल होता. त्याच्याखाली काठावर आम्ही बसलो. ह्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझा हात हातात घेतला. भर दिवसा, रस्त्यावर. लग्नाच्या फोटोतसुद्धा ह्यांनी माझा हात धरलेला नाही.

"बरी दिसतेस जाकिटात," म्हणाले.

मी हात तसाच राहू दिला. म्हटलं, देवाचा प्रसाद आहे, हलवला तर सांडेल.

"तू इचारतेस ना, संध्याकाळी कुठं जाता म्हणून?"

"पानाची चंची घेऊन चक्कर मारायला जाता ना?"

"न्हाय. यष्टी बघायला जातो. शेवटची मुंबई गाडी येते ना, ती. सम्या कॉलेजात होता तवा तिच्यानंच यायचा. उतरला की आधी माझ्याकडं पिशवी द्यायचा आणि मग विचारायचा, आयनं काय केलंय?"

"अहो, तो आता विमानानं येणार."

"ठाऊक हाय मला. पण पाय जातात."

पाणी खाली खळखळत होतं. मला वाटायचं, ह्या माणसाला पोराची आठवणच येत नाही. मी रडायचे तेव्हा हे रोपांना पाणी घालत असायचे. आणि हा माणूस रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं गाडी बघून येत होता. मग ते बोलतच राहिले. पडलेल्या माडांबद्दल बोलले, कुठला माड कोणी लावलेला ते. मी लग्न होऊन आले त्या दिवशी मी कुठलं लुगडं नेसले होते तेही बोलले. चुकीचं सांगितलं, पण मी सुधारलं नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथेच होतो. गावातलं बाकी काय बघायचं होतं ते राहूनच गेलं.

नागोयाच्या स्टँडवर समीर उभा होता. मी उतरल्याउतरल्या सांगितलं, "समीर, काय जागृत देऊळ आहे रे. हे बघ, तीर्थ दिलंय." आणि बाटली पुढे केली.

त्यानं कागद सोडवला. बाटलीवरची अक्षरं वाचली. माझा चेहरा बघितला. बाबांचा चेहरा बघितला.

"आई, किती घेतलंत हे?"

"तीनदा. डोक्यालाही लावलं."

"बाबांनी पण?"

"मग? जोडीनं घेतलं."

तो तिथेच बाकावर बसला. "आई, ही साके आहे. तांदळाची दारू. तुम्ही दारूच्या भट्टीत गेला होतात."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. मला वाटलं, आता हे जपानमधूनच हिमालयात जाणार. बराच वेळ ते माळेचे मणी चाचपत राहिले. मग म्हणाले, "तीर्थ म्हणून दिलं, तीर्थ म्हणून घेतलं. तिकडं काय व्हतं ते त्यांचं त्यांच्यापाशी." आणि चालायला लागले. चालताना मात्र जरा खांबाला धडकले.

समीर हसून हसून रडायच्या बेताला आला. किती दिवसांनी मी त्याला असं हसताना बघितलं. खोलीवर येईपर्यंत हसत होता. बूट काढता काढता विचारलं त्यानं, "आणि मागितलंस काय त्या भट्टीत?"

"तू घरी यावंस, एवढंच."

हसू थांबलं. एकच बूट काढून तो तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "बघतो गं." आणि ती बाटली उचलून त्यानं त्याच्या गणपतीच्या फोटोशेजारी ठेवली.

अजून आलेला नाही तो. फोनवर विचारलं की "बघतो" म्हणतो, आणि मी "सावकाश बघ" म्हणते. संध्याकाळी हे निघाले की आता मीही चप्पल घालते. गाडी येते, माणसं उतरतात, आम्ही परत येतो. वाटेत हे पुन्हा "हूं"वर आलेले असतात. मी कधीकधी मुद्दाम त्या नदीचा विषय काढते. तेवढंच थोडं हसतात.

मागच्या एकादशीला देवळात गेलो होतो. गुरवानं ह्यांच्या ओंजळीत तीर्थ दिलं. ह्यांनी घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पाणीच हाय." मी डोळे वटारले. देवाच्या दारात असं बोलतात का?

मग माझी पाळी आली. मी तीर्थ घेतलं, क्षणभर थांबले, आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.

गुरव म्हणाला, "वहिनी, आत्ताच दिलं की."

म्हटलं, "आणखी एक पळी दे रे ह्यांनाही. दुसऱ्या पळीला तरी माणूस बोलतो का बघते."