मंगळाच्या तोंडावरचे वण

पासष्ट साली पुसदच्या बसमध्ये एक अनोळखी म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. माझ्या पेपरातला डागाळलेला फोटो ती पदरानं पुसू लागली.

"माय, ते डाग नाहीत. अमेरिकेच्या यानानं जवळून काढलेला मंगळाचा फोटो आहे. नुसते खड्डे आहेत तिथं."

तिचा हात जागीच थांबला.

"याच्याच तोंडावर देवीचे वण! मंग लोकायनं खोट माह्या पोरीत काहून काढली, भाऊ? याच्यापायी तिशीची झाली, घरातच बसून राह्यली."

मी हादरलो. माझ्या मुलासाठी पाहिलेल्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ होता, आणि नकार कळवायलाच मी निघालो होतो.

पुसदला मी नकार दिलाच. मुलीच्या वडिलांनी कारण विचारलं, तेव्हा मंगळाचं नाव घ्यायची मात्र हिंमत झाली नाही.