मायच्या नावानं लिहिलेली साक्ष

“ही बाई पाहा. ही मेलेली जनावरं खात होती.”

मास्तर असं म्हणाले. माझ्या मायकडे बोट करून, भर सभेत. समोर खुर्च्यांवर बाहेरून आलेले चार पाहुणे. त्यांच्या मागं बाकांवर पेशंटचे नातेवाईक. बाकांच्या मागं, खाली सतरंजीवर आमची माणसं. आणि सगळ्यांत मागं, दारात मी. हातात फिनेलची बादली.

माय उभी होती. तिला उभं राहवत नव्हतं. एका हातानं भिंत धरली होती, दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी. खोकला दाबत होती. मास्तर बोलले तसा तो पदर तिनं तोंडावरून डोळ्यांवर ओढला.

पाहुण्यांनी नाक मुरडलं नाही. त्यांनी तोंडावर दया आणली. एकानं कॅमेरा काढला. मास्तर म्हणाले, “पदर काढ. चेहरा दिसू दे.”

मायनं पदर काढला.

मी अठरा वर्षांची होते. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मानोऱ्याहून मंगरूळला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला तेव्हा एक दवाखाना होता. दूरच्या कोण्या धर्मवाल्या लोकांनी चालवलेला. आता तो नाही. दगडाची एक लांब चाळ, तीत दोन वॉर्ड आणि प्रार्थनेचा हॉल. मास्तर तिथला कारभार पाहत. ते शिक्षक नव्हते, पण सगळे मास्तरच म्हणत. चांगल्या घरचे, शुद्ध बोलणारे. त्यांच्या आजोबांनी धर्म बदलला होता. जात मात्र घरात तशीच राहिली होती. मोठ्या आजाराच्या माणसासारखी, आतल्या खोलीत.

बा दुष्काळात गेला. खडी फोडायच्या कामावरून आला, पडला, उठला नाही. त्याच्या मागं मायला खोकला लागला. थुंकीत रक्त दिसलं. मंगरूळच्या सरकारी दवाखान्यात औषध कधी असायचं, कधी नसायचं. नसायचंच जास्त. कोणीतरी या दवाखान्याचं सांगितलं. मी मायला बैलगाडीत घालून आणलं.

मी नववीपर्यंत शिकले होते. मास्तरांना म्हटलं, मला वाचता-लिहिता येतं, इथं काही काम असेल तर द्या. त्यांनी विचारलं, गाव कोणतं. मी सांगितलं. मग विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला. मी तेही सांगितलं. त्यांनी झाडू दिला.

मला राग आला नाही. खरं सांगते, मला तेव्हा उपकारच वाटले. मायला रोज सुई मिळत होती. दोन महिन्यांत तिचा ताप उतरला. ती भाकर मागून खायला लागली. सुई देणारी मोठी सिस्टर केरळची होती. मोडकंतोडकं मराठी बोलायची, पण मायच्या डोक्यावर हात ठेवायची. मी दोन्ही वॉर्ड घासून काढत होते आणि मनात म्हणत होते, ही देवमाणसं आहेत.

मग सिनेमा आला.

एक तरुण प्रचारक जीपमध्ये मशीन घालून आला. भरदुपारी हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला. सगळ्या पेशंटला, नातेवाइकांना आणून बसवलं. आजूबाजूच्या तांड्यांवरून बंजारा बायाही आल्या. आमच्यातल्या कित्येकांनी सिनेमा म्हणून काही पाहिलाच नव्हता.

सिनेमा जगाच्या शेवटाचा होता. परक्या भाषेत. प्रचारक माइक धरून मराठीत सांगायचा. एका सकाळी लाखो चांगली माणसं एकाएकी गायब होतात. देव त्यांना उचलून नेतो. चुलीवर दूध उतू जातं, पाहायला कोणी नाही. मागं राहतात ती पापी माणसं. मग सैतानाचं राज्य येतं. त्या राज्यात प्रत्येकाच्या कपाळावर शिक्का मारतात. शिक्का घेतला नाही त्याला दुकानात धान्य नाही. नळावर पाणी नाही.

पैसे कमी पडले असावेत सिनेमा करणाऱ्याला. तेच तीन शिपाई टोप्या बदलून सगळीकडे यायचे. आकाशातून आग पडायची ती लाल कागदामागं दिवा धरल्यासारखी. इमारत कोसळली तेव्हा पुठ्ठा वाकलेला दिसला आणि पोरं हसली. मध्येच रीळ अडकलं. पडद्यावरच्या माणसाचं तोंड फुगलं आणि जळून भोक पडलं. तेवढ्याला मात्र लोक खरंच घाबरले.

माणसं गायब झाली तेव्हा माझ्या शेजारची बंजारा म्हातारी म्हणाली, “ऊसतोडीले गेले असन.”

तिची थट्टा नव्हती. दिवाळी झाली की तांडा असाच रिकामा होतो. दारं बंद, चुली थंड. मागं राहतात म्हातारे आणि कुत्री.

मंगरूळचे एक शिंपीचाचा होते. त्यांची बायको आमच्या वॉर्डात होती. ते शांतपणे बघत होते. प्रचारकानं त्यांना विचारलं, भीती वाटली का? ते म्हणाले, कयामत येणार, ते आम्हालाही सांगितलं आहे, पण ती लाल कागदाची नसेल.

आणि माय. नळाचा सीन आला तेव्हा माय ताठ झाली. बिनशिक्क्याची एक बाई घागर घेऊन उभी, शिपाई तिला ढकलून देतो, घागर फुटते. माय मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “हे तं आपल्याच गावचं हाये.”

लोक हसले. माय हसली नाही.

सिनेमा संपल्यावर मास्तर टेबल टाकून बसले. समोर एक रजिस्टर. एकेकाला बोलावून विचारायचं, सिनेमा पाहून काय वाटलं? तो सांगेल, मास्तर लिहितील, खाली अंगठा. सगळ्यांचे अंगठे घेतले. मायची पाळी आली तेव्हा मी तिला धरून उभी होते. म्हणून ती काय बोलली ते मला शब्दाला शब्द ठाऊक आहे.

ती म्हणाली, “मास्तर, त्याइच्या जगात हे शेवटी आलं. आमच्या इथं पहिल्यापासूनच हाये. शिक्का आमच्या कपाळावर जन्मताच मारते. मंग आमचा शेवट कवा होऊन गेला?”

मास्तरांनी मान हलवली. लिहिलं. अंगठा घेतला.

मला माझ्या मायचा अभिमान वाटला. अडाणी बाई, पण काय बोलली. मला वाटलं, हे वरच्या मोठ्या लोकांपर्यंत जाईल. कोणीतरी वाचेल.

पुढच्या रविवारी पाहुणे आले. मास्तरांनी ते रजिस्टर उघडलं आणि मायला उभं केलं.

मेलेलं जनावर खायची, म्हणाले. मग वाचायला लागले. आधी इंग्रजीत, मग मराठीत. “मी अंधारात होते. माझी माणसं दारुडी आणि घाणेरडी आहेत. आम्ही मेलेली ढोरं खाऊन जगलो. हा सिनेमा पाहून मला माझ्या पापांची लाज वाटली. इथल्या दयाळू लोकांनी मला माणूस केलं.” खाली मायचा अंगठा.

मी ऐकत होते. पहिल्यांदा मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं वाचत आहेत. मग मायचं नाव ऐकलं. गावाचं नाव ऐकलं.

इथं मला एक सांगायचं आहे. मेलेलं ढोर आमच्या घरात शिजत होतं, हे खोटं नाही. मेलेली ढोरं ओढायचं काम गावानं आमच्यावर लादलं होतं आणि पोटानं ते मांस. पण छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मी तेव्हा पाळण्यात होते. वस्तीनं ठरवलं, आता ढोर ओढायचं नाही. गावानं काम बंद केलं, पीठ बंद केलं, वाट बंद केली. माय तेव्हा नवीन सून. मांस शिजायची ती मडकी तिनं एकेक करून दगडावर फोडली. नंतर दीड महिना तिनं अंबाडीची भाजी उकडून खाल्ली. अंगावरचं दूध आटलं. मी वाचले ते शेजारणीच्या दुधावर. हे मला मायनं नाही, त्या शेजारणीनं सांगितलं. माय त्याबद्दल कधी बोललीच नाही.

त्या माझ्या मायला यांनी माणूस केलं होतं.

मी बादली खाली ठेवली. तिचा आवाज झाला. पाहुण्यांनी मागं वळून पाहिलं. मी म्हणाले, “माही माय असं बोलली नाही.”

मास्तर म्हणाले, “तू बाहेर जा.”

मी म्हणाले, “मी तिच्या बाजूले उभी होती. ते तुमी लिवलं. तिनं इचारलं होतं, शिक्का आमच्या कपाळावर जन्मताच मारते, मंग आमचा शेवट कवा झाला. ते वाचा. आन् ढोर आमी सोडलं ते तुमच्या सिनेमाच्या सतरा वर्षं आधी. आमच्या आमी.”

आमच्यातलं कोणी माझ्या बाजूनं उभं राहिलं नाही. शिंपीचाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तर हसून काहीतरी बोलले. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तीच दया तोंडावर आणली. मास्तरांनी माझं बोलणं काय करून सांगितलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ऑफिसात बोलावलं. मायलाही आणलं. ते चिडले नव्हते. समजावून बोलत होते. एक कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं की माझ्या अंगात वाईट शक्ती शिरली होती, म्हणून मी खोटं बोलले. आमच्या लोकांच्या जुन्या सवयी अजून गेल्या नाहीत, म्हणून असं झालं. मला माफ करावं. खाली सही. पुढच्या रविवारी हे मी स्वतः वाचायचं. सही केली तर माय वॉर्डात राहील. नाहीतर खाट दुसऱ्याला लागते आहे.

मोठी सिस्टर दारात उभी होती. तिनं मास्तरांना सांगितलं, सुया अजून चार महिने लागतील, मध्येच सोडल्या तर आजार उलटेल. मास्तर म्हणाले, ते हिच्या हातात आहे.

मी मायकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. मडकी फोडणारी बाई.

माय म्हणाली, “घाल सही.”

मी पेन हातात घेतलं. कागद पुन्हा वाचला. आमच्या लोकांच्या जुन्या सवयी. तिथं माझा हात थांबला. मायनं पुन्हा म्हटलं, “घाल वं. कागदाले काय होते.”

मी पेन टेबलावर ठेवलं.

हे मी केलं. मास्तरांनी नाही, मी.

सिस्टरनं जाताना फडक्यात बांधून सहा बाटल्या दिल्या. लपवून. गावात सुई देणारं कोणी नव्हतं. मी मायला घेऊन एसटीनं मंगरूळला जायचे. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर सुई टोचून द्यायचा. सहा दिवस झाले, बाटल्या संपल्या. सरकारी औषध आलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेलो. पुढच्या महिन्यात या.

मायचा ताप परत आला. मग रक्त. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे आणि संध्याकाळी येऊन तिची थुंकी राखेनं झाकायचे. मी खरं बोलले म्हणून ती कधी मला चांगलं म्हणाली नाही. एकदाच विचारलं, भांडून नाही, साधंच.

“कायले बोलली वं? सुई तं भेटत होती.”

तिचं खरं होतं. सुई भेटत होती.

पोळ्याच्या आधी माय गेली. वजन इतकं उतरलं होतं की दोघांनीच तिरडी उचलली असती. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, लेकीच्या तोंडानं मायले खाल्लं. माझ्या पाठीमागं नाही, समोर म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. आजही कोणी म्हटलं तर ऐकून घेते.

त्या वर्षी काही बदललं नाही. पुढच्याही वर्षी नाही. गावातल्या विहिरीवर आमची घागर आजही शेवटी भरते. रजिस्टरातला मायचा अंगठा कुठल्या तरी देशात गेला असेल. तिथं कोणीतरी तो वाचून डोळे पुसले असतील. तिचा फोटो कुठं तरी भिंतीवर असेल, पदर काढलेला. तो मला कधीच परत मिळणार नाही.

मला कोणी विचारतं, पुन्हा तशी वेळ आली तर? माय समोर आणि कागद समोर?

मी यावर फार विचार केला आहे. खडी फोडताना दुसरं काम काय असतं डोक्याला. मी धाडसी होते म्हणून बोलले नाही. मायवर माझं प्रेम कमी होतं म्हणूनही नाही. माय गेली ते ओझं माझं आहे. ते मी कोणत्या देवाच्या, कोणत्या मास्तरच्या डोक्यावर ढकलणार नाही. मरेपर्यंत उचलीन.

पण आम्ही घाणीतून बाहेर आलो ते आमच्या पायांनी आलो. उपाशी राहून आलो. लेकरांचं दूध आटवून आलो. ते जो कोणी आपल्या नावावर लिहील, त्याच्या कागदावर माझी सही होणार नाही. खाट गेली तरी नाही. सुई गेली तरी नाही. आणि समोर माझी माय असली, तीच म्हणत असली घाल सही, तरी नाही.