एकविसाव्याला बोटीत जागा नाही

फायली दरवर्षी कपाटातून गोदामात जातात, पण किस्से कुठं जात नाहीत. ते टेबलाभोवतीच साचत राहतात. चहा आला की कुणीतरी एक काढतो, की दुसऱ्याला लगेच त्याहून भारी आठवतो.

त्यात आमचं काम असं, की सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नाही. मी सोलापुरात प्रवासी बोटींच्या नोंदणीचा कारकून! जिथं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्या सोलापुरात! लग्न ठरताना सासऱ्यांनी तीनदा विचारलं होतं, "बोटी म्हंजी नेमक्या कसल्या ओ?"

पण धरणाचं पाणी लांबवर पसरलंय, पूल दूर आहे आणि काठावरची माणसं रोज बोटीनंच पलीकडं जातात. ती बुडू नयेत, एवढंच आमचं काम. तपासणीला आमचे परब साहेब, मूळचे मालवणचे. समुद्रावर वाढलेला माणूस, पण म्हणायचे, "जो पाण्याला भीत नाही, त्याच्या बोटीत मी बसत नाही."

*

एकदा एकाच दिवशी दोन घाटांवर तपासणी होती. पहिल्या घाटावर लाइफ जॅकेटं मोजली, बरोबर भरली. साहेबांनी गुपचूप प्रत्येकाच्या कॉलरच्या आत पेनानं सही केली.

जीपनं दुसऱ्या घाटावर पोचलो. तिथल्या मालकानं जॅकेटं मांडून ठेवली होती. सगळी ओली! आमच्या आधी पाण्यातून आली होती ना. साहेबांनी कॉलर उलटी करून दाखवली.

मालक हात जोडून म्हणाला, "तुमची सही हाय म्हंजी पासच की साहेब!"

*

नागूआण्णांची गोष्ट वेगळी. त्यांची एकच बोट, वीस माणसांची, आणि घर सगळं त्या बोटीवर. जॅकेटं त्यांची स्वतःची होती, नवीकोरी. पण पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप!

"चोरीला जात्यात की साहेब. किल्ली घरी हाय."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "बोट बुडतेय. आत्ता. आणा किल्ली."

नागूआण्णा पळत घरी गेले. तिथं कळलं, किल्ली बायकोच्या कमरेला आणि बायको मंगळवेढ्याच्या बाजाराला! ती येईपर्यंत तीन तास साहेब उन्हात काठावर उभे. पेटी उघडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वीस माणसं मेली, आण्णा."

कुणीच हसलं नाही. मीपण नाही.

*

मग साहेबांनी त्यांच्या बोटीला बाहेरून लाल रेघ मारून दिली. "ही पाण्याखाली जाता कामा नये. गेली, की वजन जास्त झालं समजायचं."

दोन महिन्यांनी पाहतो तर बोटीत माणसं खच्चून भरलेली, वर दोन मोटारसायकली, तरी रेघ पाण्याच्या वर! साहेबांनी सगळ्यांना उतरवलं. बोट हळूहळू वर आली आणि पाण्यातून दुसरी लाल रेघ निघाली. जुनी!

"ती सारकी बुडत व्हती साहेब," नागूआण्णा अगदी भाबडेपणानं म्हणाले. "तुमीच म्हणला हुता, बुडू द्यायची न्हाय. म्हून वर घेतली."

नोंदणी तिथल्या तिथं थांबली. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको ऑफिसात येऊन माझ्या टेबलापाशी बसली. "बोट बंद झाल्यावर आमी खायाचं काय?" शेवटी साहेबांनी एका महिन्याची तात्पुरती नोंदणी दिली. कागदावर स्वतः अटी लिहिल्या: वरची रेघ पुसायची, वीसच्या वर कुणी नाही, जॅकेट अंगात, आणि एक मोटारसायकल म्हणजे दोन माणसं.

"महिना संपताना न सांगता येईन. एक चूक, आणि बोट कायमची बंद."

*

त्या दिवशी वारं सुटायला लागलं होतं. बोटीत सगळ्यांच्या अंगात जॅकेटं. मी चढून बसलो. साहेबांनी एक पाय आत टाकला आणि नागूआण्णांनी हात आडवा धरला.

"थांबा साहेब. वीस झाले."

"तुम्ही आणि आमचा शिवानंद धरून अठरा आहेत. मोजलेत मी."

"अठरा माणसं, आन ही गाडी." त्यांची स्वतःची, नवी. सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता, हँडलला हार. "गाडी म्हंजी दोन. तुमीच लिवलंय. तुमी एकविसावे."

साहेबांनी पाय मागं घेतला. काठावर नोंदणीची फाइल छातीशी धरून उभे राहिले.

मध्यावर पोचलो आणि वळवाचं वारं अंगावर आलं. आभाळ मातकट झालं, काठ दिसेनासा झाला. लाटांचं पाणी बोटीत यायला लागलं. एका बाईनं माझा दंड एवढा घट्ट धरला की नखं रुतली. सगळे नियम मला पाठ आहेत, पण त्या वेळी एकही आठवेना. मी भ्यायलो होतो, सरळ सांगतो.

नागूआण्णा कडेला ओणवे झाले आणि ओरडले, "रेघ दिसंना!"

त्यांनी एकदा गाडीकडं बघितलं. मग दोघांना हाताशी घेऊन ती उचलली आणि पाण्यात सोडून दिली. हार थोडा वेळ तरंगत राहिला.

"दिसली! दिसली!"

पलीकडच्या काठाला लागलो. फोन वाजला. साहेब होते, आवाज ओळखू येत नव्हता. "शिवानंद! किती जण आहात? अरे, किती?"

मी डोकी मोजायला लागलो. नागूआण्णांनी फोन घेतला.

"अठराच्या अठरा हाय साहेब." त्यांनी बोटीतल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. "आन दोन जागा झाल्यात. वारं पडलं की येतो तुमाला न्यायला."