आज कोण उपाशी?

ड्युटीवर आल्या की सिस्टर आधी खाटांवर नजर फिरवायच्या आणि विचारायच्या, "आज कोण उपाशी हाये? अन् काहून?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हा निवासी डॉक्टरांना पाठ असायचं. दुसऱ्यासाठी आम्ही फाइल उघडायचो.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर तुम्ही कधी बसला असाल, तर तो आदेश तुम्हालाही ठाऊक असेल. उद्या ऑपरेशन आहे, रात्रीपासून नाकातल्या नळीतलं अन्न बंद. पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. आमच्याकडे उपास अगदी निष्ठेने पाळला जाई, ऑपरेशन तेवढं राहून जाई.

उमरेडचे एक काका होते. पूर्वी हातमागावर बसायचे, अलीकडे धरमपेठेत वॉचमन. व्हेंटिलेटरवर दोन आठवडे झाले, म्हणून गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवायची होती. पहिल्या दिवशी सर्जन परिसंवादाला गेले. विषय होता गंभीर रुग्णांचे पोषण. जेवण उत्तम होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी थिएटरचा एसी बिघडला. "आज नाही, उद्या" हा निरोप यायला संध्याकाळ व्हायची. थोडं पोटात गेलं की रात्री पुन्हा बंद.

काकू काचेतून बघत विचारायच्या, "यायले खायले देल्लं का?"

सिस्टरांनी काकांचा दंड दोन बोटांत धरून मला दाखवला. "श्वासाची नळी घशात आधीच हाये, फुप्फुसात जायचं भेव कमी. पोटातलं वेळेवर ओढून काढता येते. मंग इतकं काहून वाळवून राहिले यायले? तुम्ही तर तर्री-पोहे खाऊन आले ना जी?"

मी खाऊनच आलो होतो.

तिसऱ्या दिवशी चार वाजताच निरोप आला, आज नाही. "सुरू करू?" सिस्टरांनी विचारलं. मी म्हणालो, "करा."

अर्ध्या तासात विभागप्रमुख, आमचे मोठे सर, दारात. थिएटर मोकळं झालं होतं. नळीतून अन्न जाताना बघून ते कडाडले, "कोणाच्या सांगण्यावरून सुरू केलं?"

मी फाइल चाळू लागलो.

"माह्याच मनानं केलं," सिस्टर म्हणाल्या.

काकांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी झालं. सिस्टरांची बदलीही तितक्याच तत्परतेने झाली, ड्रेसिंगच्या खोलीत. शिस्तभंग.

महिनाभर मी तिकडे फिरकलो नाही. लाज वाटत होती. शेवटी गेलो, तर त्यांनी एवढंच विचारलं, "उमरेडवाले जेवते का आता?"

"घरी गेले. तोंडाने जेवतात."

त्यांचा चेहरा असा खुलला की माफी मागायचं राहूनच गेलं. डबा उघडून त्यांनी अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. "खा जी. तोंड किती सुकलं तुमचं!"

मला भूक होती. पण ती अर्धी भाकर मी हातातच धरून बसलो.