गाळ काढायला कोणी आलं नाही

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी वसईतली बावखलं निवडली. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं म्हणून आसपासच्या विहिरी गोड राहतात. मार्गदर्शक प्राध्यापकांना विषयापेक्षा शीर्षकाची काळजी होती. ते वाढत वाढत तीन ओळींचं झालं. सोमवारी सर्वेक्षणाचा पहिला भरलेला फॉर्म दाखवायचा, नाहीतर विषय बदलायचा, असं ठरलं.

सोपं पडेल म्हणून मी मोठ्या काकांपासून सुरुवात केली. त्यांनी आपलं बावखल दोन वर्षांपूर्वी बुजवलं होतं.

"बावखल वापरात आहे का?" मी वाचलं.

"त्यातच पोहायला शिकलीस आणि मला विचारतेस?"

"फॉर्म आहे, काका. विचारावं लागतं."

"मग लिही, नाही."

पुढे बुजवण्याचं कारण होतं आणि चार पर्याय होते: बिल्डरचा दबाव, डास, वाटणी, इतर. त्यांनी चष्मा लावून चारही वाचले.

"दर मे महिन्यात सगळं घर गाळ काढायला उतरायचं," ते म्हणाले. "शेवटची तीन वर्षं मी एकटाच होतो. तुमच्या परीक्षा, नोकऱ्या. बरोबरच होतं ते. पण पाणी सडलं."

'इतर'पुढे मी लिहिलं, गाळ काढायला घरातलं कोणी गेलं नाही, मीही नाही.

सोमवारी प्राध्यापक म्हणाले, "संशोधकाने अभ्यासाबाहेर राहायचं असतं. शेवटचे दोन शब्द काढ."

"हवं तर विषय बदलते, सर," मी म्हणाले. "ते शब्द राहू देत."

त्यांनी फॉर्म पुन्हा वाचला आणि ते शब्द न खोडता सही केली.