पानं गेल्यावरची मुसळी

सावद्याचा झुलाल चौधरी मुंबईच्या एका औषध कंपनीसाठी जडीबुटी खरेदी करायचा. एक्क्याण्णवच्या श्रावणात तो चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या उमरपाड्याला गेला, तेव्हा त्याच्या खिशात टाइप केलेला करार होता आणि दुपारच्या जेवणाला आपण खाली परत येणार याची खात्री होती.

पांढरी मुसळी, ताकदीच्या औषधातलं कंदमूळ, कंपनीला तोवर व्यापाऱ्यांकडून मिळे. भर पावसाळ्यात उपटलेली कोवळी मुळं वाळता वाळता काळी पडत, बुरशी धरत. म्हणून कंपनीने ठरवलं, आता मधला माणूस नको, डोंगरातल्या पावरा आदिवासींशीच थेट बोलायचं. वनखात्याचा परवानाही काढून झाला होता.

मोहाच्या झाडाखाली पाडा जमला. झुलालने करार वाचून दाखवला, आणि सगळ्यांच्या माना एका म्हातारीकडे वळल्या. ती सायकीबाई. तरुणपणीच नवरा गेलेला. सुईणपण आणि झाडपाला यांवर तिने हयात काढली होती. चोपड्याच्या बाजारापलीकडे तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. माल कधी द्यायचा, एवढंच तिने विचारलं. भादव्यात, झुलाल म्हणाला.

"नही भाऊ," ती बाजारातल्या अहिराणीत शांतपणे म्हणाली. "जवलोंग पानं हिरवी शेतस, तवलोंग ती दोनजीवानी शे. तिले हात लावाना नही."

पानं वाळून उडून गेली की डोंगरात मुसळी सापडणारच नाही, हे झुलालने परोपरीने समजावलं. सायकीबाईने वाद घातला नाही. दिवाळी झाल्यावर या, तुमच्या साहेबालाही आणा, असं सांगून ती उठली. तिच्यामागे सगळा पाडा उठला. झुलाल मोहाखाली एकटा राहिला. आपली नोकरी आता जाते, असं त्याला वाटलं. तरी त्याने मुंबईला जे घडलं ते जसंच्या तसं कळवलं.

दिवाळीनंतर साहेब आले. डोंगर उघडाबोडका झाला होता; गवत पिवळं, माती कडक, मुसळीचं एक पान कुठे दिसेना. सायकीबाई अनवाणी पुढे चालत होती. एका सागाजवळ थांबून तिने पहार घातली. चार बोटं माती सरली आणि खालून पांढऱ्या, टपोऱ्या मुळांचा झुबका वर आला. मग दगडाच्या कडेला दुसरा. मग ओहळाच्या वळणावर तिसरा. दुपारपर्यंत तिची पहार एकदाही रिकामी गेली नाही. कुठल्या उतारावर कोणत्या साली किती फुलली होती, हे ती घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं सांगत होती. प्रत्येक झुबक्यातली जाड मुळं तेवढी ती तोडून घेई. शेंडा दोन बारीक मुळांसकट पुन्हा मातीत ठेवी आणि वरून तळव्याने थापटी.

शेतीची पदवी झुलालकडे होती. आणि हा सगळा डोंगर या बाईला तोंडपाठ होता.

त्या संध्याकाळी करार पुन्हा लिहिला गेला. या खेपेला सांगणारा पाडा होता आणि लिहिणारा झुलाल. खोदायचं दिवाळीनंतरच. वाळवायचं पाड्यावरच, बायकांनी. भाव खोदण्याआधी सर्वांसमोर ठरायचा. पावरी बोलीत वाचल्याशिवाय कागदावर अंगठा नाही. पाड्याच्या तीन उतारांपैकी एक दरसाल न खोदता पडीक ठेवायचा. इथे साहेब अडले. मागणी वाढली तर काय, त्यांनी विचारलं.

"मागणी तुमनी वाढी," सायकीबाई म्हणाली. "डोंगर कसा वाढी?"

साहेबांनी करार पुढे ओढला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः सही केली.

पुढल्या साली माल मुंबईला पोहोचला तो हाडासारखा पांढरा. प्रयोगशाळेतून विचारणा आली, हा कुठून आणला? चार वर्षांत आणखी सहा पाडे त्याच अटींवर करारात आले. सत्त्याण्णवला नव्या साहेबांनी पडीक उतारही मागितला, तेव्हा झुलाल श्रावणात त्यांना वर घेऊन आला. विसावलेला सगळा उतार मुसळीच्या पांढऱ्या बारीक फुलांनी भरला होता, पार माथ्यापर्यंत. पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब कडेलाच उभे राहिले. थकलेली सायकीबाई खाली दगडावर बसून होती. साहेब हळूच तिच्याशेजारी जाऊन बसले. पडीक उतार खोदायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.